फडात पोचलेली भीती

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली आलेला अहवाल चाळताना एका ओळीपाशी थांबायला होतं. देशभरातल्या २८ नोंदणी केंद्रांचे २०१२ ते २०१६ या वर्षांतले आकडे तिथे उतरत्या क्रमाने लावले आहेत. बायकांच्या तक्त्यात सर्वांत वर अरुणाचल प्रदेशातला पापुमपारे जिल्हा आहे. वयाचा फरक काढून टाकल्यावर तिथे दर लाख बायकांमागे वर्षाला २१९.८ नवे कॅन्सर. तक्त्याच्या अगदी तळाला आहेत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीड : ४९.४. पुरुषांच्या तक्त्यातही हीच जोडी तळाला आहे. म्हणजे कागदावर तरी, देशात कॅन्सरची सर्वांत कमी नोंद जिथे होते त्यात बीड येतं.

आणि याच बीड जिल्ह्यात, ‘कॅन्सर होईल’ या एका वाक्यावर हजारो बायकांनी गर्भाशय काढून घेतलं आहे.

या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात कशा नांदतात, हा प्रश्न कोल्हापूरच्या दिवाळी अंकात का, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे. या बायकांपैकी कितीतरी जणी वर्षातले पाच-सहा महिने आपल्या जिल्ह्यात, आपल्या उसात तोडणीला असतात. हा अंक तुमच्या हातात पडेल त्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतील आणि शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीरच्या रस्त्यांकडेला पालं पडलेली असतील. बीड, परभणी, जालना, धाराशिव, शिवाय विजापूरकडून आलेल्या टोळ्या. दत्त, जवाहर, वारणा, बिद्री, भोगावती, कुंभी-कासारी : कारखान्याचं नाव बदलतं, पालं तशीच. कोल्हापुरात कॅन्सरवर बोलणं कमी होत नाही. शिरोळ तालुक्यातले रुग्ण, शेतातली रासायनिक खतं आणि फवारणीची औषधं, पंचगंगेचं पाणी यांवर सभा होतात, मोर्चे निघतात, बातम्या येतात. तो विषय खोटा नाही. पण त्या चर्चेतला माणूस नेहमी सातबाऱ्यावरचा असतो. त्याच रानात पहाटे चारला कोयता घेऊन उतरणारी बाई त्यात कधी येत नाही.

तिचा दिवस कसा जातो हे कोल्हापूरकरांना ऐकून माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते आणि हंगामभर तोडून फेडायची असते. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. एक दिवस चुकला की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे उलट तिच्याच हिशेबातून कापायचे. फडात पाणी असतं ते मोटरीचं, तेही शेतकऱ्याची मर्जी असली तर. संडास नाही. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आणि वाळत घालायला आडोसा नाही. दिवसभर लघवी अडवून धरायची, अंधार पडल्यावर बाहेर जायचं. लग्न लवकर झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या विशीतल्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पंचविशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणं आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकलेली असते.

अशा शरीराला काय होतं? पांढरं जातं. ओटीपोट दुखतं, कंबर धरते, पाळी जास्त जाते किंवा महिन्यात दोनदा येते. यातलं बरंचसं जंतुसंसर्ग, रक्तक्षय आणि ओझं उचलणं यांच्या खात्यातलं असतं. संसर्ग गोळ्यांनी बरा होतो, फक्त गोळ्या नवरा आणि बायको दोघांनीही पूर्ण घ्याव्या लागतात, थोडे दिवस अंगाला विश्रांती द्यावी लागते आणि पुन्हा दाखवायला यावं लागतं. यातली एकही गोष्ट फडात जमत नाही. म्हणून ती सहा महिने अंगावर काढते आणि उन्हाळ्यात गावी परतल्यावर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि मग ती वाक्यं येतात, जी बीडच्या वाड्यावस्त्यांवर आता पाठ झाली आहेत : मावशी, पिशवीला सूज आहे. पिशवीच्या तोंडाला जखम आहे. लेकरं झालीत ना? मग ठेवून काय करायची? उद्या कॅन्सर झाला तर?

सोनोग्राफीत गर्भाशयमुखाचा सुरुवातीचा कॅन्सर दिसत नाही, हे त्या बाईला कुणी सांगत नाही. ‘तोंडाला जखम’ म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेक वेळा मुखावरच्या पेशींचं निरुपद्रवी लालसर रूप असतं, हेही सांगत नाही. कॅन्सर आहे की नाही, किंवा पुढे होण्याची शक्यता आहे की नाही, हे पाहण्याच्या वेगळ्या आणि स्वस्त तपासण्या आहेत. त्या न करताच निदान होतं, आणि लगेच शस्त्रक्रियेची तारीख मिळते.

हे प्रकरण २०१९ च्या उन्हाळ्यात देशभर गाजलं. त्या वर्षी जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीचं काम झालं. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे जवळजवळ सहा जणींत एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होतं. दोन पाहण्यांतले वयोगट जुळत नाहीत, तेव्हा भागाकार करून ‘इतकी पट’ म्हणू नये. तरी फरक डोळ्यात भरण्याइतका आहे.

त्यानंतर खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढायचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ऊसतोडीला जाण्याआधी आणि परतल्यावर बायकांची आरोग्य तपासणी करायचं ठरलं. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. त्या खटल्यात तक्रार बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानची होती, म्हणजे हा रोग एकट्या बीडचा नाही. आणि मग २०२५ च्या जूनमध्ये बीडच्या आरोग्य यंत्रणेच्या अहवालाच्या बातम्या आल्या : तोडीला निघालेल्या बायकांपैकी ८४३ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं आणि त्यांतल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या होत्या.

इथे थोडं थांबून दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती डॉक्टर मंडळी नेहमी मांडतात आणि ती पूर्ण खोटी नाही. काही बायका स्वतःहून मागतात. ‘काढून टाका एकदाचं.’ पाळीचे चार दिवस जातात, दरमहाचा खाडा टळतो, पांढरं जाण्याची कटकट संपते. काहींना मोठ्या गाठी असतात, रक्तस्राव थांबत नाही, तिथे शस्त्रक्रिया योग्यच असते. पण जिथे एक दिवस आजारी पडण्याची किंमत मोजावी लागते तिथे अवयव काढून घेण्याला ‘तिची निवड’ म्हणणं मला जड जातं. शिवाय त्या निवडीच्या वेळी तिच्यासमोर ठेवलेली माहिती खोटी असते. पुढचं तर कुणी बोलतच नाही. बीजकोशही काढले असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. अंगात वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ, पुढे हृदयाचा धोका. आणि तीच बाई पुढच्या कार्तिकात पुन्हा मोळी डोक्यावर घेऊन फळी चढते, कारण शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतलेली असते.

आता त्या तळाच्या आकड्याकडे पुन्हा पाहू. बीड-उस्मानाबादमध्ये कॅन्सर खरंच कमी आहे का? काही अंशी असेल. स्तनाचा कॅन्सर लवकर आणि जास्त बाळंतपणं झालेल्या, वर्षानुवर्षं अंगावर पाजलेल्या बायकांत कमी आढळतो, आणि ग्रामीण भागात तो शहरांपेक्षा कमी असतो हे अनेक नोंदण्यांत दिसतं. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं तसं नाही. लवकर लग्न, जास्त बाळंतपणं, कुपोषण, तंबाखू या सगळ्या गोष्टी त्याच्या बाजूच्या. यातली तंबाखू म्हणजे सिगारेटच हवी असं नाही. सकाळची मिश्री बायका दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून तीन-चारदा लावतात. तेव्हा आकडा कमी असण्याची दुसरीही कारणं शोधली पाहिजेत. ज्याची तपासणी होत नाही त्याची नोंद होत नाही. आणि ज्या बाईचं गर्भाशय मुखासकट काढलंय तिला मुखाचा कॅन्सर व्हायचा प्रश्न राहत नाही, पण दर काढताना भागाकाराच्या खालच्या रकमेत ती मोजलेली असते.

नोंदणी केंद्रं कोणाला मोजतात हाही मुद्दा आहे. लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी त्या भागाच्या रहिवाशांची असते, आणि रहिवासी म्हणजे साधारणपणे वर्षभर तिथे राहिलेला माणूस. हा नियम योग्यच आहे, नाहीतर टाटा रुग्णालयात आलेला देशभरातला प्रत्येक रुग्ण मुंबईच्या खात्यावर चढेल. पण त्यामुळे हंगामापुरत्या कोल्हापुरात आलेल्या बाईला इथे गाठ आढळली तर ती कोल्हापूरची होत नाही. बीडच्या नोंदीत ती यायला हवी, पण त्यासाठी कुणीतरी तिच्या गावी जाऊन विचारायला हवं, आणि विचारणारा येतो तेव्हा ती बहुधा फडात असते.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आफ्रिकी बायकांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर किती, असा प्रश्न तिथले संशोधक बरीच वर्षं विचारत आहेत. सरळ उत्तर मिळत नाही, कारण नोंदीत रकाना असतो तो ‘कृष्णवर्णीय’ एवढाच. नायजेरियातून दहा वर्षांपूर्वी आलेली परिचारिका आणि जिच्या सात पिढ्या अलाबामात गेल्या ती बाई एकाच खान्यात पडतात. जन्मदेशाचा रकाना अनेकदा कोरा असतो. त्या एकत्रित आकड्यात स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा थोडं कमी आहे आणि त्याने मरण्याचं सुमारे चाळीस टक्के जास्त. मिनेसोटात सोमाली निर्वासितांची मोठी वस्ती आहे. तिथल्या बायका गर्भाशयमुखाची तपासणी टाळतात असं दिसल्यावर कारणं शोधली गेली, तर निघाली ती अशी : बाई डॉक्टर नाही, आपली भाषा कळत नाही, नवऱ्याला काय सांगू, आणि दुखत नसताना दाखवायचं कशाला? यातलं एकही कारण शिरोळच्या पालावर सांगितलं तर कुणाला परकं वाटणार नाही. ज्या पूर्व आफ्रिकेतून यांतल्या बऱ्याच जणी गेल्या तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा दर लाखाला चाळीसच्या घरात आहे, भारताचा अठराच्या आसपास. पण भारत मोठा आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार एका वर्षात भारतात १,२७,५२६ बायकांना हा कॅन्सर झाला आणि ७९,९०६ मेल्या. स्तनाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण १,९२,०२० आणि मृत्यू ९८,३३७.

या आकड्यांसमोर तपासणीचा आकडा ठेवला की लाज वाटते. राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तनांची, ०.९ टक्के.

आणि आता या लेखातली मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट. गर्भाशयमुखाची ही तपासणी गरीब देशात कशी करावी हे जगाला शिकवलं ते याच मुलखाने.

बार्शीला डॉ. भगवान नेने यांनी उभं केलेलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये त्याच्या आधाराने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली : बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा नोंदू, असं म्हणून चालणार नव्हतं, कारण रुग्ण येतच नव्हता. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, चावडीवर बसली, सभा घेतल्या, कुणाला रक्त जातंय, कुणाला गाठ आहे हे विचारत राहिली. त्या पायावर १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीची मंडळी, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो एकत्र उपक्रम. रेंगस्वामी शंकरनारायणन त्याचे एक प्रमुख. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एका गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागच्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात विशेष काही नाही, नेहमीची आरोग्यसेवा.

आठ वर्षांनी हिशेब झाला आणि २००९ च्या एप्रिलमध्ये जगातल्या एका अव्वल वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या ३४,१२६ बायकांना विषाणूची तपासणी देऊ केली होती त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मेल्या. ज्या ३१,४८८ बायकांना काहीच दिलं नव्हतं त्यांत ६४. म्हणजे एका तपासणीने, आयुष्यात एकदाच केलेल्या, मृत्यू निम्म्यावर आले. वाढलेल्या टप्प्यातले कॅन्सर पहिल्या गटात ३९ आणि शेवटच्या गटात ८२. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून पाच ते दहा वर्षांनी विषाणूची तपासणी करा असं सांगते, त्यामागे जो पुरावा आहे त्यात उस्मानाबादच्या या बायकांचा वाटा मोठा आहे. भूम, वाशी, कळंब, परांडा. ज्या तालुक्यांतून टोळ्या निघतात तेच हे तालुके.

उस्मानाबादेत आम्ल लावून पाहण्याच्या पद्धतीने मृत्यू फारसे कमी झाले नाहीत. मुंबईत मात्र झाले. टाटा मेमोरियलच्या सुरेंद्र शास्त्री, इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखावर बायकांवर हा प्रयोग केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या; दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. कापसाच्या बोळ्याने आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचं. दर दोन वर्षांनी, असं चार वेळा. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन प्रयोगांतला फरक समजून घेण्यासारखा आहे : डोळ्याने पाहायचं तर पाहणारा डोळा पक्का हवा आणि पुन्हापुन्हा पाहायला हवं. विषाणूची तपासणी एकदाच करूनही भागते. जी बाई दरवर्षी निम्मं वर्ष गायब असते तिच्यासाठी कोणती बरी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या प्रयोगांवर कडवट वादही झाला. तपासणी उपयोगी पडते हे जगाला आधीच माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवून त्यातल्या किती मरतात हे मोजणं कितपत नैतिक, असा सवाल अमेरिकेतल्या एरिक सुबा यांनी आणि काही भारतीय अभ्यासकांनी केला. प्रयोग करणारे म्हणाले, त्या बायकांना देशाच्या व्यवस्थेतून जे मिळत होतं तेच मिळत होतं. म्हणजे काही नाही. मला सुबांचा आक्षेप पटतो. पण त्याहून मोठी गोष्ट मला टोचते. प्रयोग संपून, पुरावा हाती येऊन दीड दशक होऊन गेलं, आणि तो ‘काहीच न दिलेला’ गट अजून आहे. फक्त आता त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणी संशोधक नाहीत.

स्तनाच्या कॅन्सरची गोष्ट थोडी वेगळी आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायच्या आधी दहा-पंधरा वर्षं खुणा देतो, तेवढ्यात गाठता येतो. स्तनाचा तसा नाही, तो झाल्यावर लवकर ओळखायचा. मॅमोग्राफीचं यंत्र पालापर्यंत येणार नाही आणि तरुण, घट्ट स्तनांत ते फारसं कामाचंही नाही. आपल्याकडे हा कॅन्सर युरोप-अमेरिकेपेक्षा दहाएक वर्षं आधीच्या वयात येतो. मुंबईच्या त्याच प्रयोगात प्रशिक्षित बायकांनी हातांनी स्तन तपासले. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात फरक ठरवून सांगण्यासारखा नव्हता. तरी गाठ लवकर दाखवली पाहिजे हे कळायला प्रयोग लागत नाही. अडचण ही की सुरुवातीची गाठ दुखत नाही. फडात हात सुजतात, पाठ मोडते, बोट कापतं, त्या सगळ्या दुखण्यांच्या रांगेत न दुखणारी गाठ शेवटी उभी राहते. आणि ज्यांनी कॅन्सर टाळायला म्हणून पिशवी काढली त्यांतल्या अनेकींना वाटतं, आपला तो प्रश्न मिटला.

त्यात पुन्हा तपासायला बाई डॉक्टर हवी असते. १८८६ मध्ये अमेरिकेहून वैद्यकीची पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली होती ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, बायकांच्या विभागावर. त्या रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. पुढे कृष्णाबाई केळवकरांनी त्याच रुग्णालयात बायकांना तपासलं. आज ते आपलं सीपीआर रुग्णालय. बायकांना बायकांनी तपासण्याची कल्पना या गावाला नवी नाही, एवढंच म्हणायचं आहे.

मग कोल्हापुरात काय करता येईल? शासनाच्या २०१६ च्या आराखड्यानुसार तिशीपुढच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात. पण त्यांच्या यादीत गावची घरं असतात, पालं नसतात. उलट कारखान्याकडे यादी पक्की असते. कोणत्या मुकादमाचे किती कोयते, कोणत्या फडात, आज किती टन : शेती खात्याच्या चिठ्ठीवर सगळं लिहिलेलं असतं. ऊस मोजायला जी यादी चालते ती तपासणीला का चालू नये? विषाणूच्या तपासणीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. पडदा, टेबल, अनोळखी डॉक्टर, काही लागत नाही. एक मऊ ब्रश आणि आशाताईंनी दिलेली दहा मिनिटांची समज पुरते. निकाल आला आणि विषाणू सापडला तर पूर्वखुणांवर उष्णता देऊन पेशी जाळण्याचं उपकरण बॅटरीवर चालतं, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. हे सगळं हंगामाच्या पहिल्या दोन महिन्यांत उरकायला हवं. उशीर केला तर निकाल कोल्हापुरात आणि बाई माजलगावात. खरा कॅन्सर निघाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार इथेही होतात आणि बार्शीतही. कागद मात्र तिच्याबरोबर जायला हवा.

पालावरच्या पोरींचंही याच वेळी पाहता येईल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची भारतीय लस पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली. लसीचा एक डोसही पुरतो याचा पुरावा ज्या भारतीय अभ्यासातून पुढे आला त्यात बार्शी आणि पुणे ही दोन्ही केंद्रं होती. एक डोस म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलीसाठी फारच सोयीचं. दुसऱ्या डोसाला तिला कुठे शोधायचं हा प्रश्नच नाही. पण २००९ मध्ये आंध्रात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यांत आदिवासी मुलींवर जो लसीचा प्रकल्प झाला तो संमती घेण्यातल्या गलथानपणामुळे बदनाम होऊन २०१० मध्ये थांबला, हे विसरता येणार नाही. पालावर आई-बापाला बसवून नीट सांगणं, आणि ‘नको’ म्हणाले तर नको, एवढं तरी त्यातून घ्यायला हवं.

पैशाचं रडगाणं इथे फारसं चालणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. कोल्हापूर विभाग हंगामात साधारण दोन कोटी टन ऊस गाळतो. म्हणजे या एका विभागातून कारखान्यांचे वीस कोटी आणि सरकारचे वीस. आता तपासणीच्या दिवसाचा हिशेब पाहा. जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोनेक टन तोडतो. म्हणजे नवरा-बायकोचा पूर्ण दिवस बुडाला तरी ७३२ रुपये, तिचा एकटीचा अर्धा म्हणजे ३६६. हे पैसे महामंडळाने त्याच दिवशी तिच्या हातात दिले आणि मुकादमाला तो दिवस खाडा म्हणून लिहायची मनाई केली, तर ती बाई येईल. न दिले तर शिबिराचा फलक लागेल, फोटो निघेल, आणि ती फडातच राहील.